हाकेबाहेर

पहाटेची नमाज आटोपली तरी मुंजिया जानमाजीवरून उठत नसे. तसबीहचा एकेक मणी बोटाखालून सरकत राही, ओठ हलत राहत, पण कान दाराकडे असत. कोपऱ्यावर व्हॅनचा भोंगा वाजला की बोटं थांबत. मग ती मणी उशाखाली सारी, विळा आणि बादली उचले आणि उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून पुटपुटे, “आजचा दिवस तेवढा सांभाळ, मालका.” तिचं मागणं रोजचं एकच होतं. समुद्रानं तिला घेऊ नये.

ती डोंगरातली. कासरीनच्या पलीकडे, जिथं पाणी विहिरीत असतं आणि आपल्या जागी राहतं, तिथं ती वाढली. लग्न होऊन गाबेसच्या आखाताकाठी आली तेव्हा तिनं पहिल्यांदा हे पाहिलं, की सकाळी समुद्र उठून कुठंतरी निघून जातो, मागं मैलभर ओली वाळू टाकतो आणि दुपार व्हायच्या आत ती परत मागायला येतो. नवरा बोटीवर, महिना महिना बाहेर. सासूचे गुडघे गेले, तशी सासूची तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, वेचायची जागा तिच्याकडे आली. “हेदियाबरोबर जा,” सासू म्हणाली होती. “ती नेते तशीच सगळ्यांना परत आणते.”

हेदिया खाला, सगळ्यांची मावशी, त्या बायकांची म्होरकी. साठीची, बुटकी, आवाज मात्र बोटीच्या भोंग्यासारखा. ओहोटी लागली की ती आधी पाण्यात पाय घाली, मग बाकीच्या. वाकून, वाळूवर नजर लावून चालायचं. तिसरीचे डोळे म्हणून दोन बारीक भोकं शेजारी शेजारी दिसली की विळ्याचं टोक घालून उपसायचं. पाठीचा काटा ढिला होईस्तोवर हेच. मोबाइल वगैरे सगळं व्हॅनवाल्याकडे डब्यात ठेवायचं, कारण खारं पाणी काही शिल्लक ठेवत नाही.

पहिल्याच दिवशी मुंजियाच्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं, आणि तिला ते कळलंही नाही.

मधल्या उंच दांड्यावर, वाळूच्या कोरड्या पट्टीवर, बायका जरा टेकल्या होत्या. हेदिया खालानं फडक्यातून जवाची मोठी भाकरी काढली, वर हरीसाची तिखट चटणी आणि जैतुनाचं तेल. तुकडा मोडून तिनं मुंजियापुढं धरला. “घे.”

मुंजियाला भूक लागली होती. तोंडाला पाणी सुटलं होतं. पण तिच्या डोंगरात पहिल्या बोलावण्याला हात पुढं करणारी बाई म्हणजे दुष्काळातून आलेली. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा लाजायचं, तिसऱ्यांदा समोरची शपथ घालते, मग घ्यायचं. आईनं हे तिला चालायला शिकवण्याआधी शिकवलं होतं. तिनं उजवा हात छातीवर ठेवला, मान झुकवली. “नको खाला, तुम्ही खा. बरकत असो.”

आणि ती थांबली, दुसऱ्या आग्रहासाठी.

हेदिया खालानं तुकडा शेजारच्या सलूहाच्या हातात दिला. सलूहानं मोडून पुढं दिला. भाकरी हातोहात फिरली आणि शेवटी रबहच्या ओंजळीत संपली. सगळ्या उठल्या. भरती काही कुणाच्या आग्रहासाठी थांबत नाही. या काठावर एकदाच विचारतात. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको.

दुसऱ्या दिवशी तिला कुणी विचारलंच नाही. तिनंही मागितलं नाही. मागणं म्हणजे तर मरणच. ती थोडी दूर उकिडवी बसून आपल्या फडक्यातला तुकडा खाऊ लागली, आणि तिच्या त्या दूर बसण्याची हळूहळू जागा ठरून गेली.

“डोंगरवालीला आपली भाकरी हलकी वाटते,” रबह एकदा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. रबह पस्तिशीची, उंच, जीभ तिच्या विळ्याहून धारदार. “सांभाळून बाई, तिकडं शेळ्यासुद्धा मेज मांडून जेवतात म्हणे.”

सगळ्या हसल्या. मुंजियाही हसली, म्हणजे हसण्यात आपण आहोत असं कुणाला वाटेल. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तरी तिनं ते गिळलं असतं. पण एका सकाळी दूरवर धुक्याची राखी पट्टी दिसली आणि हेदिया खालानं सरळ उभं राहून हाक दिली, “सलूहाऽ!” सलूहानं “आहेऽ!” म्हणून पुढची हाक दिली, “जन्नातऽ!” जन्नातनं तशीच रबहला हाक दिली. शेवटी रबह ओरडली, “हेदिया खालाऽ!” खाला म्हणाली, “आहेऽ! चला, फिरा.” धुकं आलंच नाही त्या दिवशी. पण परतताना मुंजियानं सलूहाला गाठलं. सलूहा वयानं सगळ्यांत लहान, बोलायला मोकळी.

“ही हाक कसली?”

“धुक्याची. दोन हिवाळ्यांपूर्वी ज़ोहरा गेली ना, तेव्हापासून. धुक्यात काठ कुठला नि समुद्र कुठला कळत नाही गं. ती समुद्राकडे चालत गेली. बादली तेवढी मिळाली.” सलूहानं खांदे आक्रसले. “मग खालानं हे ठरवलं. जिनं जिला भाकरी दिली तिनं तिला हाक द्यायची. लक्षात ठेवायला सोपं. भाकरी फिरते तशी हाक फिरते. एखादी बोलली नाही की सगळ्यांनी जागीच उभं राहायचं, ती सापडेपर्यंत.”

मुंजिया चालत राहिली. पायाखालची वाळू एकाएकी मऊ झाल्यासारखं तिला वाटलं. भाकरी फिरते तशी हाक फिरते. तिला कुणी भाकरी देत नव्हतं. म्हणजे ती बोलली नाही तरी साखळीत भोक पडणार नव्हतं. सगळ्या आपापल्या नावाला आहे म्हणतील आणि खाला म्हणेल, चला, फिरा.

“आणि माझी हाक?” एवढंच तिला विचारायचं होतं. शब्द दातांपर्यंत आले. पण ते विचारणं म्हणजे भाकरी मागणंच होतं की! तिनं बादली या हातातून त्या हातात घेतली आणि पुढं चालू लागली.

त्या दिवसापासून भीती तिच्या अंगात मुक्कामाला आली. ती वाकून वेचत असे आणि दर थोड्या वेळानं मान वर करून काठावरची ती पांढरी व्हॅन शोधत असे. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानांत नावं ऐकू येत. सलूहा, जन्नात, रबह. सगळी नावं येत आणि संपत. सासूला सांगावं तर सासू म्हणाली असती, “मग खायचं होतंस गप.”

त्यातच पहारेकऱ्याचं प्रकरण झालं. दक्षिणेकडचा पट्टा सरकारनं बंद केलेला होता, तिथल्या तिसऱ्या अजून लहान होत्या. बायका चोरून तिकडं जात, सगळ्या काठाला ते माहीत होतं. एके दिवशी पहारेकरी नेमका त्याच वेळी तिथं आला आणि सगळ्यांच्या बादल्या पाण्यात पालथ्या केल्या. मुंजिया त्या दिवशी पट्ट्यावर नव्हती. शेजारी कुणी उभं करत नाही म्हणून ती आताशा पलीकडच्या बाहेरच्या दांड्यावर एकटीच जात असे. तिची बादली भरलेली राहिली.

 व्हॅनमधून उतरताना रबह म्हणाली, तिच्याकडे न बघता, “जी आपलं मीठ खात नाही, तिच्या तोंडाला आपलं कुलूप नसतं.”

 तोंड उघडून मुंजिया म्हणू शकली असती की मी नाही. पण न विचारलेल्या गोष्टीला नाही म्हणणं म्हणजे अर्धं हो. घरी येऊन ती जानमाजीवर खूप वेळ कपाळ टेकून राहिली. उठली तेव्हा तिच्या मनानं एक वाट काढली होती. त्यांनी दिलं ते मी घेतलं नाही ना? मग मी देते.

तिनं मकरूद केल्या. रव्याच्या, आत खजुराचं सारण, तुपात तळून मधात बुडवलेल्या. बिस्मिल्ला म्हणून कढईत सोडताना तिच्या डोळ्यांतून एक थेंब कढईबाहेर पडला, तो तिनं शालीच्या टोकानं पुसला. अन्नात दुःख पडू नये म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दांड्यावर ती डबा घेऊन बायकांच्या गोलापाशी गेली. “मी केल्यात. घ्या.”

“नको,” रबह म्हणाली.

नको म्हटलं म्हणजे आता दुसरा आग्रह करायचा, हे मुंजियाला पक्कं ठाऊक होतं. उलट, इथवर आल्याचं तिला बरंच वाटलं. “असं कसं? एक तरी घ्या.”

“नको म्हटलं ना.”

“माझ्या आईची शपथ आहे तुम्हाला! माझ्या लेकरांची शपथ, जेव्हा होतील तेव्हा त्यांची! एवढीशी, हे बघा, माझ्या हातानं...” आणि तिनं खरंच एक मकरूद उचलून रबहच्या तोंडाजवळ नेली.

रबह अशी मागं सरकली, जसा काही समोर विंचू आला. “इतका आग्रह कशाला गं? काय कालवलंयस आत?”

  खाऊ घालून माणूस वश करणाऱ्या बायकांच्या गोष्टी त्या काठावर प्रत्येकीनं आजीकडून ऐकल्या होत्या. सलूहानं अर्धवट पुढं केलेला हात झग्याच्या खिशात घातला. हेदिया खालानं शेवटी एक मकरूद घेतली. “अल्ला तुझे हात सलामत ठेवो,” ती म्हणाली आणि मकरूद फडक्यात गुंडाळून ठेवली. खाल्ली नाही.

मुंजिया बाहेरच्या दांड्यावर परत गेली. तिनं एकेक मकरूद पाण्यात सोडली. आपण काय चुकलो हे तिला त्या क्षणी कळलं नाही. एवढंच कळलं, की आता आपल्यासाठी कुणी जागीच उभं राहणार नाही.

धुकं आलं ते पुढच्या उधाणाला.

ते दुरून आलं नाही. ती वाकली होती, दोन भोकं तिच्या समोर होती, विळा वाळूत होता. मान वर केली तर व्हॅन नव्हती. काठ नव्हता. स्वतःचे गुडघे दिसत होते, त्याखाली पाणी दिसत होतं, आणि मघाशी घोट्याला असलेलं पाणी पोटरीला लागलं होतं. ओहोटी उलटली होती. या काठाची भरती समोरून येत नाही. ती आधी मागच्या ओहोळातून शिरते, आणि दांड्यावरच्या माणसाला वाटत राहतं की आपण अजून कोरडे आहोत.

“सलूहाऽ!” लांबून हेदिया खालाचा आवाज आला.

“आहेऽ! जन्नातऽ!”

मुंजिया आवाजाकडे वळली.  आवाज आहे तिकडं काठ आहे, आवाज संपायच्या आत तिकडं जायचं, बस. ती पाय ओढत निघाली.

“रबहऽ!” जन्नात ओरडली.

उत्तर आलं नाही.

“रबहऽ!”

साखळी थांबली. मुंजियाही थांबली, आणि तेव्हा तिला मागून, थेट समुद्राच्या बाजूनं, खोकला ऐकू आला. मग एक शिवी. तो आवाज तिनं हजार आवाजांत ओळखला असता. रबह आपल्या जागेवर नव्हतीच. ही डोंगरवाली रोज एकटी कुणाला भेटते ते बघायला ती दबकत तिच्या मागं आली होती आणि धुक्यात तिच्याही पुढं निघून गेली होती. जन्नातची हाक तिथवर पोचत नव्हती.

मुंजियाच्या मनात जे आलं ते तिनं नंतर कुणालाही सांगितलं नाही. मनात आलं, माझ्यासाठी कोण थांबलं असतं? पाय काठाकडे एक पाऊल सरकलेसुद्धा. मग तिला ज़ोहराची बादली दिसली, जी तिनं कधी पाहिलीच नव्हती.

“जन्नातऽ!” ती ओरडली. आपला आवाज इतका मोठा निघतो हे तिला माहीत नव्हतं.

 “कोण ते?” जन्नातनं विचारलं.

“मी!”

“मी कोण?”

नाव सांगून काय उपयोग होता? “डोंगरवाली!” ती ओरडली. “रबह माझ्या मागं आहे, समुद्राकडं! तिला ऐकू येत नाही! हाक देत राहा!”

 मग हेदिया खालाचा आवाज आला, आणि त्यात पहिल्यांदाच म्हातारपण ऐकू आलं. “देते, पोरी. पण माझ्याबरोबर बाकीच्या आहेत. पाणी त्यांच्या मांडीला लागलं की मला निघावं लागेल. ऐकलंस?”

“ऐकलं!”

ती उलटी फिरली. आवाजांकडे पाठ करून ती समुद्राच्या दिशेनं निघाली. “रबह! रबह, इकडं!”

“कोण?” आवाज जवळ होता. मग ओळखून, “तू? पुढं येऊ नकोस! माझ्या हातात विळा आहे!”

“काठ या बाजूला आहे. ये.”

“तुझ्या बाजूला ओहोळ आहे! मला बुडवायला नेतेस!”

“अल्लाची शपथ, नाही! ये ना गं. मागं खाला आहे, जन्नात हाक देतेय...”

“मला कुणाची हाक ऐकू येत नाही. मला फक्त तू ऐकू येतेस!”

“माझ्या आईची शपथ! हात जोडते तुला, ये...”

पाण्यात पावलं वाजली. पण ती दूर जाणारी होती. मुंजिया जितकी विनवत होती तितकी रबह मागं सरत होती, खोल पाण्याकडे. आणखी एकदा, “रबह, बाई, ऐक गं!” आणि आणखी दोन पावलं दूर. मुंजियानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. आपला आग्रह कसा ऐकू जातो ते तिला तेव्हा, मांडीला लागलेल्या गार पाण्यात, पहिल्यांदा कळलं.

मागून जन्नातची हाक आली. ती मघापेक्षा बारीक होती.

मुंजियानं हात खाली घेतला. तिनं आवाज काठावरच्या बायकांसारखा, कोरडा केला. “मी निघाले. येतेस?”

आणि ती गप्प राहिली. त्याहून अवघड काम तिनं जन्मात केलं नव्हतं. जीभ टाळूला टेकवून ती उभी होती आणि मनातल्या मनात अल्लाचं नाव घेत होती, एक, आणि एक, आणि एक. पाणी झग्याच्या आत चढत होतं. समोर नुसतं पांढरं. कदाचित रबह गेलीही असेल. कदाचित आपण एका रिकाम्या जागेसमोर उभ्या आहोत.

पाण्यात खळबळ झाली. एका गार, आखडलेल्या हातानं तिची शाल पकडली, इतकी घट्ट की गळ्याला फास बसला.

“चल,” रबहचे दात वाजत होते. “तू पुढं. मला काही दिसत नाहीये.”

“मलाही नाही.”

त्या निघाल्या. आवाजाकडे, आवाज असेल तेव्हा. नसेल तेव्हा जिकडून शेवटचा आला होता तिकडे. ओहोळापाशी पाणी कमरेला लागलं आणि ओढू लागलं. मुंजिया विळ्यानं पुढची वाळू चाचपत होती. शालीचा पीळ सैलही होत नव्हता.

“ए,” रबह मागून म्हणाली. “नाव काय गं तुझं?”

इतके महिने एका व्हॅनमधून येऊन. “मुंजिया.”

“मुंजिया,” रबहनं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, जसं कुणी नवं नाणं दातांनी पारखतं. 

“रबहऽ!” जन्नातची हाक आली. अजून होती! आणि जवळ होती.

“आहेऽ!” रबह इतक्या जोरानं किंचाळली की मुंजिया दचकली. आता शेवटची हाक हेदिया खालाला जायची. रबहनं श्वास घेतला, थांबली. आणि मग तिनं, हातभर अंतरावर जी होती, जिची शाल तिच्या मुठीत होती, तिलाच हाक दिली.

“मुंजियाऽ!”

 “आहे,” मुंजिया म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं, “आहेऽ!” आणि पुढची हाक आता आपली आहे हे आठवून तिनं तोंड समोरच्या पांढऱ्याकडे वळवलं. “हेदिया खालाऽ!”

उत्तर नाही. पाणी छातीकडे चढत होतं. रबहचं कपाळ तिच्या पाठीला लागलं होतं आणि ती रडत होती की थरथरत होती ते कळत नव्हतं.

“खालाऽ!”

“आहे,” खालाचा आवाज आला, थकलेला, समोरून. “आहे मी, पोरींनो. इथंच उभ्या आहोत सगळ्या. चालत राहा.”

त्या चालत राहिल्या. काठ अजून दिसत नव्हता.